लेक लेनियरवर वीस मिनिटं

होडी विकत घेतली विनयने, आणि घेतली तेव्हा शरयूला विचारलंसुद्धा नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर तो दोन-तीन वेळा लेक लेनियर या तलावावर गेला होता, शिडाची दोरी हातात धरून आला होता आणि पार वेडावून गेला होता. २००३च्या उन्हाळ्यात एका शनिवारी अल्फारेटातल्या त्यांच्या घरासमोर एक पंधरा फुटी जुनी होडी येऊन उभी राहिली, तिच्याहून जुन्या ट्रेलरवर. "जरा डागडुजी केली की झालं," विनय म्हणाला. ती डागडुजी पुढे कधी झाली नाही. होडी घराच्या कडेला ताडपत्रीखाली गेली. २००६च्या फेब्रुवारीत, चोपन्नाव्या वर्षी, विनयला पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं.

बोलणं गेलं म्हणजे अगदीच गेलं नाही. शब्द आत होते, बाहेर येताना भलतेच यायचे. पाणी हवं असलं की तो 'चमचा' म्हणायचा, मग चूक कळून स्वतःवरच चिडायचा, आणि शेवटी गप्प बसायचा. वर्षभरात त्याने ते गप्प बसणंच पक्कं केलं. शरयूचं ऑफिस, त्याची थेरपी, अंघोळ, स्वयंपाक, औषधं, इन्शुरन्सचे फोन. मुलगी नेत्रा बॉस्टनला कॉलेजात होती, रविवारी फोन करायची. "आई, यू साउंड टायर्ड," म्हणायची. शरयू म्हणायची, "नाही गं, आत्ताच उठले." तेव्हा दुपारचे चार वाजलेले असायचे.

२००७च्या मार्चमध्ये सोसायटीचं पत्र आलं. घराबाहेर बोट किंवा ट्रेलर ठेवता येत नाही, तीस दिवसांत हलवा. पत्र वाचून शरयूला राग आला नाही, उलट हायसं वाटलं. चला, एक ब्याद तरी जाईल. तिने इंटरनेटवर 'फुकट न्या' अशी जाहिरात टाकली. एक माणूस आला, होडीत चढला, आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत तळाच्या फळीत रुतला. पाय काढून, सॉरी म्हणून तो निघून गेला. दुसरा तर गाडीतून उतरलाच नाही. कचरा डेपोवाल्यांनी सांगितलं, आम्ही होडी घेतो, पण तुकडे करून आणा. आणि हे सगळं होण्याआधी ती जागची हलायला हवी होती. ट्रेलरची दोन्ही चाकं गंजून घट्ट बसली होती, टायरांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या.

एप्रिलमधल्या एका शनिवारी तिने विनयला खुर्चीत घालून गराजच्या दारात बसवलं, कारण आत त्याला एकटं ठेवायची तिला भीती वाटायची. मग गाडीतला जॅक काढला, ट्रेलर वर उचलला आणि चाकाचे नट सोडवायला बसली. पाना लावून जोर दिला की नटाबरोबर अख्खं चाक फिरायचं. दहा मिनिटांत ती घामाघूम झाली.

"नाही," मागून आवाज आला. "नाही, नाही. आधी... खाली."

तिने वळून पाहिलं. विनय डावा हात जमिनीकडे दाबून दाखवत होता.

"खाली काय?"

"चाक. खाली. मग... मग हे." त्याने पाना फिरवल्यासारखा हात हवेत फिरवला.

चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल करायचे आणि मगच ट्रेलर उचलायचा, असं त्याचं म्हणणं होतं. बरोबरच होतं ते. पण शरयूचं डोकं सणकलं. "वर्षभर तोंडातून धड शब्द नाही, आणि काढलास तो माझी चूक दाखवायला?" ती पाना टाकून आत गेली. सिंकवर हात धुताना तिला रडू यायला लागलं आणि मग रडायचाही कंटाळा आला. ती परत बाहेर आली, जॅक खाली केला आणि नट सैल केले.

ट्रेलरने दोन महिने खाल्ले. आतली बेअरिंग भुगा झालेली निघाली. डेल नावाचा एक म्हातारा ट्रेलर-दुरुस्तीवाला जवळच होता, त्याने एक चाक करून दाखवलं आणि म्हणाला, दुसरं तू कर. नवी बेअरिंग तळहातावर घेऊन त्यात ग्रीस कसं दाबून भरायचं हे ती शिकली. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिच्या नखांत काळं दिसायचं आणि ती हात टेबलाखाली ठेवायची. होडी ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकते त्या कुजल्या होत्या, त्याही बदलल्या. तोवर सोसायटीची दोन पत्रं आणखी आली. मग एका सकाळी कुमार नावाचा तिच्या ऑफिसातला सहकारी आला, दोघांनी मिळून ट्रेलर ढकलला आणि होडी गराजमध्ये गेली. त्यांची गाडी बाहेर आली.

आता तुकडे करायचे, एवढंच उरलं होतं. जूनमध्ये शरयूने विजेची करवत आणली. त्या माणसाचा पाय रुतला होता त्या तळफळीपासून सुरुवात करू, म्हणून तिने तिथे काप घेतला. वरचा फायबरग्लासचा पापुद्रा उचलला तर आत प्लायवुड नव्हतंच, नुसता ओला काळा लगदा होता. कुबट वास सुटला. ती हातानेच तो लगदा बादलीत भरू लागली. सगळा निघाल्यावर खाली होडीचं मूळ अंग उघडं पडलं.

विनय काठी टेकत खुर्चीतून उठला. तिने "अरे, पडशील" म्हणेपर्यंत तो होडीच्या कडेला पोचलाही होता. काठी सोडून, होडीला रेलून, डाव्या हाताची बोटं मिटून तो बाहेरून टकटक करत पुढे सरकू लागला. टकटक, आत पोकळ वाजतंय का ते कान लावून ऐकायचं, वीतभर पुढे. नाकापासून मागच्या टोकापर्यंत जायला त्याला पाव तास लागला. मग तो थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "चांगली आहे."

वाक्य पुरं होतं. एकही शब्द चुकला नव्हता.

शरयूने करवतीची पिन काढली. फार काही ठरवलं वगैरे नाही तिने. त्या दिवशी आणखी कापायचं बळ अंगात नव्हतं, एवढंच तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या शनिवारी मात्र ती प्लायवुड घेऊन आली.

तो सबंध उन्हाळा फळ्या चिकटवायच्या रेझिनच्या वासात गेला. रेझिन आणि त्यात घालायचा हार्डनर यांचं प्रमाण चुकून एकदा भांडं हातातच तापलं, फेकून द्यावं लागलं. घासून घासून तिच्या मनगटाला सूज आली. विनय खुर्चीतून शिकवायचा, ती वैतागायची.

"उलटं. उलटं घास."

"उलटं म्हणजे कसं? नीट सांग ना."

"नीट... नीट येत असतं तर!" तो ओरडला. पण असं भांडणही दीड वर्षात झालं नव्हतं. स्पीच थेरपिस्टने एकदा विचारलं, घरी काही नवीन सुरू केलंत का? शब्द वाढलेत. शरयू म्हणाली, "भांडतो आम्ही."

पाऊस त्या वर्षी पडलाच नाही. सप्टेंबरअखेर घराबाहेर पाणी वापरायला बंदी आली. होडीवरची धूळ शरयूने अंघोळीचं पाणी बादलीत धरून, फडक्याने पुसून काढली. लेक लेनियर आटत चालल्याचं रोज बातम्यांत दाखवत होते. होड्या उतरवायचे काँक्रीटचे उतार एकेक करून बंद होत होते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात होडी तयार झाली, तेव्हा मोजकेच उतार उघडे होते.

"पुढच्या वर्षी जाऊ," शरयू म्हणाली. खरं तर कधीच नाही गेलो तरी चालेल असं तिला वाटत होतं.

"आत्ता," विनय म्हणाला.

तलावावर पोचल्यावर तिचा धीर सुटला. पाणी खूप खाली गेलं होतं, मध्ये लाल मातीचा नुसता चिखल, आणि त्यातून खडी टाकून केलेली अरुंद वाट. ट्रेलर मागे घ्यायचा तर स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं. विनय शेजारी बसून "डावीकडे, डावीकडे" म्हणत होता आणि ट्रेलर चिखलाकडे जात होता. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की तोंडाने तो डावीकडे म्हणतोय आणि हात उजवीकडे करतोय. तिने त्याचं ऐकणं सोडलं आणि हाताकडे बघायला लागली. ट्रेलर सरळ पाण्यात गेला.

शेजारच्या दोन मासेमारांनी विनयला उचलून होडीत बसवलं. शरयूने शीड चढवलं. वारा अगदीच बेताचा होता. विनयने डाव्या हातात सुकाणूचा दांडा धरला, शीड हळूहळू फुगलं आणि होडी चालू लागली. आवाज नाही, धक्का नाही. विनयचा चेहरा तिला नीट दिसत होता. तो हसत नव्हता. गाडी चालवताना, कामात असताना त्याचा असायचा तसा, साधा, लक्ष लागलेला चेहरा होता. शरयूला आनंद झाला का? झाला असावा. पण तिच्या डोक्यात सारखं एकच चालू होतं, की याला परत बाहेर कसं काढायचं, आणि ते मासेमार तोवर गेले तर?

वीस मिनिटांनी वारा पडला आणि विनयच्या हातून दांडा सुटायला लागला. तिने वल्ह्याने होडी काठाला आणली. मासेमार होते. त्यांनी हातांची खुर्ची करून त्याला वर नेलं. होडी ट्रेलरवर चढवून, बांधून, निघेपर्यंत शरयूच्या पायांत गोळे आले होते.

परतताना हायवेवर तो म्हणाला, "विक."

"काय?"

"होडी. विक."

"आता? सहा महिने मी हाताची सालं काढली, ती विकायला?"

तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. "तू दमतेस," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत, "मी पण."

तिने आरशात मागून येणाऱ्या होडीकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत 'तू दमतेस' हे लोकांनी तिला शंभरदा ऐकवलं होतं. त्याने मात्र एकदाही म्हटलं नव्हतं, आणि तो दमतो का, हे तिनेही कधी त्याला विचारलं नव्हतं.

नोव्हेंबरात साउथ कॅरोलायनाहून एक शाळामास्तर आणि त्याची बायको होडी विकत घ्यायला आली. बाईने बूट काढून नव्या तळफळीवर उड्या मारून पाहिल्या. विनयने टकटक करून कुठे काय केलंय ते दाखवलं, अर्धं शब्दांनी, अर्धं हाताने. ट्रेलर वळणावरून दिसेनासा झाला तरी शरयू रस्त्यावरच उभी राहिली. याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी ती उठली तेव्हा घड्याळात पावणेबारा झाले होते. ती धडपडत खाली धावली. दहाची थेरपी चुकली होती. विनय स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला होता, समोर फोन.

"अरे, उठवायचं नाहीस का मला? थेरपी..."

"मी फोन केला," विनय म्हणाला. "कॅन्सल. तीन वेळा सांगितलं. तिला... कळलं."

शरयू समोरची खुर्ची ओढून बसली. तिचे केस विस्कटलेले होते, गालावर उशीची घडी उमटली होती.

"काय सांगितलंस?"

"बायको झोपलीये."