पिवळ्या ठिपक्याखाली

ज्या वाटेने भरायचं ती वाट आधी मोकळी करा, मग रिकामं करा. आप्पाच्या गॅरेजात हा नियम देवाच्या नावासारखा रोज घेतला जायचा. गाडीच्या गिअरबॉक्सला दोन प्लग. बाजूचा ऑइल भरायचा, खालचा सोडायचा. उतावळा माणूस आधी खालचा उघडतो, जुनं ऑइल भसाभसा ट्रेमध्ये उतरतं, आणि मग कळतं की बाजूचा गच्च बसलाय. झालं. गाडी रिकामी, भरायला तोंड नाही, गिऱ्हाईक दारात. आप्पा म्हणायचा, "कुणाच्या पुढचं ताट ओढायच्या आधी दुसरं वाढायला आहे का ते बघावं."

दुसरा नियम त्याच्या मनचा. प्लग आवळला की ब्रशने पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा, अर्धा प्लगवर, अर्धा गिअरबॉक्सच्या अंगावर. नंतर कुणी पाना लावला तर ठिपका तुटणार. "हा ठिपका म्हणजे माझा शब्द," तो सांगायचा, आणि माणसं त्या शब्दावर डोळे मिटून गाडी न्यायची.

त्या सकाळी गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर नर्सबाईंची गाडी होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या बाई. गाडी म्हणजे त्यांचे दुसरे पाय. गिअर अडतो, घुर्र आवाज येतो, हे त्यांनी आधीही येऊन सांगितलं होतं. दर वेळी आप्पा खाली वाकला, ठिपका अखंड पाहिला आणि हसत म्हणाला, "बाई, ऑइल नवंकोरं आहे. क्लच पूर्ण दाबत चला." आज त्यांनी ते हसण्यावारी जाऊ दिलं नाही.

"पायाचं मला नका सांगू, आप्पा. पाय मी रोज बघते, लोकांचे. आज उघडून बघा," त्या म्हणाल्या, आणि पिशवी खांद्याला अडकवून चालत कामावर गेल्या.

ते ऑइल बदललं तेव्हा आप्पा तापाने अंथरुणाला खिळला होता. काम दाजींनी केलं होतं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा ताई नुसती भावाच्या दारात येऊन उभी राहिली. आप्पाने दाजींच्या हातात पाना दिला आणि शून्यापासून शिकवलं. आता गंमत अशी, की शिकवणारा "अहो दाजी" म्हणतो आणि शिकणारा "अरे आप्पा". काम चुकलं तरी रागवायची सोय नाही, नात्यानेच गुरूच्या तोंडाला कुलूप घातलेलं. पण माणूस साखरेचा. चिडून आलेलं गिऱ्हाईक दाजींकडचं पाणी पिऊन हसत जायचं. देवाने भाऊ दिला नाही ती उणीव अशी भरून काढली, असं आप्पा हात जोडताना मनात म्हणायचा.

आप्पा खड्ड्यात उतरला, ठिपक्यावरची धूळ पुसली आणि पाना लावला. प्लग हलेना.

"काय हो दाजी, याला हत्ती बांधायचा होता का?"

"तूच म्हणतोस ना, सैल काम म्हणजे अर्धं पाप," वरून उत्तर आलं.

गंज सोडवायचं तेल मारलं. हातोडीने भोवती टकटक केलं. पान्याला लांब पाईप अडकवून अंगाचा भार टाकला. प्लगच्या कडा झिजतील म्हणून आप्पा थांबला आणि बाहीने कपाळ पुसलं.

दाजी खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. "राहू दे ना. आधी खालचा काढू. जुनं ऑइल तर जाऊ दे, बाजूचं मग बघू."

आप्पाने मान वर केली. "दाजी, दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी त्याला दार दाखवलं असतं."

"गंमत केली रे."

पण दाजी हसले नाहीत. हा माणूस आपल्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसायचा.

"हीट गन द्या बरं."

"ती बिघडलीय."

हीट गन समोरच्या खिळ्याला लटकत होती. आप्पा वर आला, ती काढली, बटण दाबलं. गरम हवेचा झोत आला. ती घेऊन आप्पा पुन्हा खड्ड्यात उतरला.

गंजलेला प्लग तापवला तर गंजाचा वास येतो. इथे आला जळक्या प्लास्टिकचा. पिवळा ठिपका फुगला, सोलला, आणि खालून राखाडी लुगदी दिसली, फुटक्या टाकीला लावतात तसली. आप्पाने पाना फिरवला. कट्ट असा आवाजही न होता प्लग मऊ मऊ फिरून हातात आला. त्याच्या आट्यांत, पेचाच्या खाचांत, गिअरबॉक्सच्या धातूच्या वळ्या अडकलेल्या. भोकात आटे नव्हतेच. सगळा आधार त्या लुगदीचा होता.

त्याने भोकात बोट घातलं. ऑइल पुरतं भरलं असेल तर बोट कडेलाच ओलं होतं. आप्पाचं बोट मुळापर्यंत आत गेलं आणि कोरडं बाहेर आलं.

"दाजी, खाली या."

"इथून दिसतंय मला."

"मग सांगा."

दाजी काठावरची माती बोटाने उकरत राहिले. "आधी खालचा उघडला. मग हा निघेना. जोर केला तर आट्यांसकट बाहेर आला. तू तापाने फणफणलेला, तुला काय सांगणार?"

"आणि ऑइल कमी का?"

"पुरतं भरलं की इथून झिरपायचं. झिरपलं असतं तर तुला दिसलं असतं. म्हणून थोडं खालीच ठेवलं."

चूक आप्पाने तिथल्या तिथे पोटात घातली असती. आटे कुणाचेही जातात, त्याच्या हातूनही गेले होते. पण ऑइल मोजून कमी ठेवायचं, वर त्याच्याच ब्रशने त्याचाच शब्द लिहायचा, आणि मग बाईंना "क्लच नीट दाबा" म्हणताना शेजारी उभं राहून मान डोलवायची! ज्या हाताला धरून शिकवलं त्या हाताने त्याचं तोंड खोटं केलं होतं.

"मी बाईंना हसलो," आप्पा म्हणाला. "तुम्ही ऐकत होतात."

"तुझी ताई म्हणाली, त्याला कळू देऊ नका. तो मनाला लावून घेतो."

आप्पाने खड्ड्याच्या भिंतीला हात टेकला. ताई रोज दुपारचा डबा पाठवायची, दोघांचा एकात. ती डबा भरताना हे जाणत होती. नर्सबाई तिच्याही सासूच्या जखमा बांधायला यायच्या.

पुढचं काम त्याने एकट्याने केलं. भोकात मोठे आटे पाडले, धातूचा कीस खालून धुऊन काढला, मोठा प्लग शोधला, नवं ऑइल कडेपर्यंत भरलं. दाजी दोनदा ट्रे धरायला पुढे आले. आप्पा म्हणाला, "नको." एवढंच. ओरडला असता तर दाजींना बरं वाटलं असतं.

नर्सबाई उन्हं कलताना आल्या. दाजी पाण्याचा पेला घेऊन लगबगीने पुढे झाले. "बाई, गंज होता हो जरासा..."

"गंज नव्हता," आप्पा म्हणाला. "तुमचा पाय बरोबर होता, बाई. मी चुकलो. यात ऑइल कमी होतं, आणि माझ्या गॅरेजातून कमी गेलं. आत काही झिजलं असेल तर ते माझ्याकडे लागलं. आवाज पुन्हा आला तर माझी गाडी घेऊन जा, ही इथे सोडा."

दाजींच्या हातातला पेला तसाच राहिला. "अरे, घरातलं घरात..." ते पुटपुटले.

बाईंनी एकदा दाजींकडे पाहिलं, आणि त्यांना कळायचं ते कळलं. "ठिपका दिला का?" त्यांनी विचारलं.

"प्लग अजून लावला नाही. खाली या. बोट घालून बघा."

बाई पदर खोचून खड्ड्यात उतरल्या आणि भोकाच्या कडेला बोट लावलं. ऑइल बोटावरून मनगटापर्यंत ओघळलं. त्यांनी मान हलवली. आप्पाने प्लग आवळला आणि फडकं पुढे केलं. रंगाचा डबा फळीवरच राहिला.

गाडी गेली. आवाज थोडा होता, आधीपेक्षा कमी.

दाजींनी हात धुतले, जेवणाचा डबा उघडून बाकावर मांडला आणि नेहमीसारखे दोन भाग केले. "आप्पा, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. ताई विचारेल."

"विचारू दे," आप्पा म्हणाला. फळीवरच्या पिवळ्या रंगाच्या डब्याचं झाकण काढून तो आत बघत बसला. रंग अजून ओला होता, चांगला होता. त्याने झाकण पुन्हा बसवलं आणि तळहाताने घट्ट दाबलं.