पिकर कापून केलेल्या क्लीट

मला कोणी शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. सुरतेच्या लिंबायतेत लूमवर जॉबरकी, म्हणजे मागांची दुरुस्ती, करण्यात माझी उभी जवानी गेली. माग बंद पडला की कारागीर आधी माझ्या नावानं बोंब मारतात, मग देवाच्या. मागाचं एकच शास्त्र मी मानतो, जे ढिलं ते बिघडणार. त्यामुळे दिसेल तो बोल्ट मी आवळतो. घरातला पंखा एकदा असा आवळला की तो फिरायचाच थांबला. सीता, म्हणजे माझी बायको, पुठ्ठ्यानं वारा घेत बसली.

तर एका साली भेस्तानच्या भंगारवाल्याकडे एक रेसची सायकल आली. कुण्या शेठच्या पोरानं परदेशातून आणलेली. हलकी इतकी, की एका हातानं उचलावी. पेडल म्हणाल तर नुसती बोंडं, आणि सोबत बूट. बुटाच्या तळाला प्लास्टिकची पट्टी, ती पेडलात खटकन बसते, पाय सायकलीला जोडला जातो. मी खुळावलोच! घरची जुनी सायकल भंगारवाल्याला देऊन ही घेऊन आलो.

जुन्या सायकलीला कॅरिअर होतं. त्यावर बसून सीता रोज माझ्यासोबत साड्यांचे धागे कापायच्या कामाला यायची. नवीला कॅरिअर कुठलं? सीता पायी जायला लागली.

"अगं, बाबासाहेबांच्या जयंतीला आपल्या मंडळाची सायकल रेस आहे ना," मी म्हणालो, "पहिलं बक्षीस लेडीज सायकल. ती तुझीच समज. मग ऐटीत जा कामाला."

"बघू," सीता म्हणाली. बाईमाणूस आनंद झाला की जास्त बोलत नाही, असं मी धरून चाललो. त्या दिवसापासून रोज पहाटे सचिन गावाच्या रस्त्यानं माझा सराव सुरू. ती डबा घेऊन पायी निघालेली दिसली की मी घंटी वाजवून पुढं जायचो. घंटी तेवढी भारी बसवली होती मी.

एकच खोट होती. बुटाखालच्या पट्ट्या झिजून गुळगुळीत झालेल्या. जोर लावला की पाय आपोआप निसटायचा. रिंग रोडच्या सायकलवाल्या शेठला दाखवल्या. तो म्हणाला, ह्यांना क्लीट म्हणतात, सुरतेत मिळायच्या नाहीत. मुंबईहून मागवू, पण आधी जात ठरव. एका जातीत टाच जरा इकडं तिकडं हलते, दुसरीत पाय गच्च बसतो. उतरताना टाच बाहेर फिरवायची, की सुटते. नवशिक्यानं हलणारी घ्यावी. "भाई, थोडी ढीली राखजो," तो म्हणाला.

ढिली! जॉबरला सांगतो ढिली ठेव! मी तिथून तडक कारखान्यात आलो. धोट्याला ठोसा मारणारा नायलॉनचा ठोकळा असतो मागाला, त्याला आम्ही पिकर म्हणतो. दिवसभर मार खातो पण हूं का चूं करत नाही. जुने पिकर पडलेच होते. करवतीनं कापले, कानशीनं घासले, भोकं पाडली आणि क्लीट तयार केल्या. बूट हातात धरून पेडलावर दाबला, खट्! ओढला, हलेना. पाय लावून ओढला, तरी हलेना; शेवटी पान्यानं उचकटावा लागला. मला तर मुंबईच्या दुकानदाराला पत्र लिहावंसं वाटलं, की असा माल बनवून दाखव.

बूट मला मोठे होते. आत चिंध्या कोंबल्या, आणि नाडी तुटकी म्हणून लूमचं पॉलिस्टरचं सूत घोट्याभोवती गुंडाळून विणकराची गाठ मारली. ती गाठ ओढावी तितकी घट्ट होते. आता बोला!

आमच्या रेसची एक रीत आहे. जिंकणं रेषेवर ठरत नाही. मंडळापुढं उतरायचं, पायातलं काढायचं आणि बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहायचं. ज्याचं फूल पहिलं, तो पहिला. लहानपणापासून ही रीत मी बघत आलोय. पण आवळण्याच्या नादात ती डोक्यातून साफ गेली.

हे बूट मी रेसच्या दिवशीच पहिल्यांदा घातले. मंडळाच्या दोघांनी सायकल धरली आणि मी दोन्ही पाय खटाखट बसवले. भेस्तानहून जे सुटलो! सचिनला ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परतलो, तेव्हा मागं फक्त प्रमोद दिसत होता, आणि तोही ठिपक्याएवढा. प्रमोद दूध घालणारा, त्याची सायकल दुधाच्या किटल्या वाहून वाकलेली. मला त्याची कीव आली हो, खरंच आली.

मंडळ दिसलं. लाउडस्पीकरवर मंडळाचे लक्ष्मणदादा माझं नाव घेत होते, लोक टाळ्या वाजवत होते. गर्दीत सीता जयंतीच्या पांढऱ्या साडीत उभी. मी ब्रेक दाबले, पाय उचलला, आणि पाय उचललाच जाईना. टाच बाहेर फिरवली. टाच फिरेल ती क्लीट माझ्या हातची नव्हेच! सायकल थांबली, मी थांबलो, आणि सगळ्या मंडळासमोर आम्ही दोघं सावकाश डाव्या अंगावर आडवे झालो.

"अहो, बूट काढा ना!" सीता ओरडली.

गाठ ओढली तशी ती आणखी आवळली. पाठीवर पडून मी पाय झाडतोय, पायाला सायकल, तिचं चाक गरगर फिरतंय. लोकांनी पोट धरलं. प्रमोद आला, उतरला, चपला काढल्या, फूल वाहिलं. आणि वर मलाच येऊन विचारतो, "भाऊ, लागलं का?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सीता खाली बसली. धागे कापणारी बोटं तिची, तिनं नखांनी गाठ उकलली. माझे पाय बाहेर आले, बूट पेडलालाच राहिले.

"तुझी सायकल गेली गं," मी म्हणालो.

"मला कुठं चालवता येते सायकल?"

मी उठून बसलो. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कधी?"

चारचौघांत पडलो त्यापेक्षा ह्याची लाज जास्त वाटली. फूल वाहून आम्ही दोघं घरी निघालो. सायकल तिथंच भिंतीला टेकवून ठेवली. थोडं चालल्यावर सीता म्हणाली, "कॅरिअरवर बसले की तेवढ्या वाटेत तुम्ही माझ्याशी बोलायचात. घरी कुठं बोलता?"

तिच्या शेजारून अनवाणी चालत, काय बोलावं ते मी शोधत राहिलो.