दोन बोटं जास्त

केसर बुडाल्याची बातमी दिघीला पोचली, तेव्हा दिनानाथ भाकरीचा पहिला घास मोडत होता. तो त्याने तसाच ताटात ठेवला. पर्यटकांना घेऊन निघालेलं जहाज तरंगत्या ओंडक्यावर आदळलं, पण नऊच्या नऊ माणसं मच्छीमारांनी वाचवली, असं त्याच्या सुनेने, मृणालने, फोन ठेवून सांगितलं. घरच्यांनी देवाला हात जोडले. दिनानाथनेही जोडले, पण ताटावर तो परत बसला नाही.

केसर म्हणजे या म्हाताऱ्या सुताराचा जीव की प्राण. दोन डोलकाठ्यांचं, साठ फुटी, शिडाचं जहाज आजच्या काळात कोण बांधतं? पण मुंबईच्या एका हौशी मालकाला ते हवं होतं. आराखडा मृणालचा. जहाजं आखायचं रीतसर शिक्षण घेतलेली ही पोर कॉम्प्युटरवर अशी रेघ ओढायची, की दिनानाथ चष्मा पुसून पुन्हा बघायचा. केसरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तर तिने अशी काढली होती, की ती पाणी कापणार नाही, नुसतं बाजूला व्हायला सांगेल. अर्थात तोंडावर कौतुक करेल तो दिनानाथ कसला!

"पिछाडी उपाशी दिसतेय," एवढंच तो म्हणाला होता.

"हिशोबात बसते, बाबा," मृणाल म्हणाली होती.

पण दिनानाथच्या घरात कागद बघून होडी कधी बांधलीच नव्हती. सांगाडा उभा राहिला, की ओहोटीच्या वेळी मागे जाऊन चिखलात उकिडवं बसायचं, एक डोळा मिटून बघायचं आणि जिथे खटकेल तिथे हात घालायचा. केसरच्या मागेही तो तसाच बसला. मृणाल चार दिवस माहेरी माणगावला गेली होती. तेवढ्यात त्याने पिछाडी दोन्ही अंगांनी दोन-दोन बोटं रुंद केली आणि कुणाला सांगितलं नाही. खोड म्हणा, मस्ती म्हणा.

आता त्याच दोन बोटांनी त्याची झोप उडवली. रुंद पिछाडी पाण्याने वर उचलली असेल, नाळ दबली असेल, केसर तोंडावर पडली असेल. आणि कागदावर सही पोरीची! चौकशीवाले येणार ते तिलाच धरणार. सांगून टाकावं, तर जीभ रेटेना. दोन दिवस तो नुसत्या चहावर राहिला.

तिसऱ्या दिवशी केसर चालवणारा तांडेल चंदर आगरदांड्याहून फेरीबोटीने आला. त्याचं पाणी पिऊन होईपर्यंतही दिनानाथला दम निघाला नाही.

"चंदर, बुडली कशी? तोंडावर?"

"न्हाय हो, दादा! ओंडका बुडाखालनं घसरत मागं गेला नि सुकाणूपाशी भोक पाडून गेला. मागनं पाणी भरत व्हतं. मी म्हटलं, आता शेपूट जाणार नि आपण पण. पण ती शेपूट खाली टाकीचना! पाऊण तास सरळ व्हती. समदी मानसं उतरली, शेवटी मी उतरलो, तवा हलूच बसली. मांडी घालून बसावं तशी." चंदरने डोळे पुसले. "अशी गुणाची परत न्हाय मिळायची."

दिनानाथ सुनेकडे वळला. "मृणाल, पिछाडी मी वाढवली व्हती. दोन बोटं. तुला न इचारता."

"मला माहीत आहे, बाबा."

"काय म्हाईत हाय?"

मृणाल आत जाऊन कागदाची गुंडाळी घेऊन आली. "माणगावहून आले त्याच दिवशी टेप लावली होती. इतकी चिडले, की जेवलेसुद्धा नाही. मग तुमची मापं घेऊन सगळा हिशोब नव्याने केला. माझ्या आखणीपेक्षा तुमची पिछाडी सरस निघाली, जास्त भार पेलणारी. मालकाला हाच आराखडा दिला होता. चौकशीलाही हाच जाणार."

"मग बोलली का न्हायस?"

"बोलले असते, तर पुढच्या जहाजाला तुम्ही चार बोटं वाढवली असती."

चंदर फिसकन हसला. दिनानाथने कागद उलगडला. पिछाडी त्याचीच होती, बोटभरही कमी नाही. खालच्या कोपऱ्यात, जहाज पाण्यात उतरण्याच्या महिनाभर आधीच्या तारखेखाली, आराखडा करणाऱ्यांची नावं होती. पहिलं त्याचं, मग तिचं. पन्नास वर्षं होड्या बांधल्या, पण त्याचं नाव कुठल्या कागदावर कधी आलं नव्हतं. नाळेपासून सुकाणूपर्यंतच्या रेघेवरून त्याने सावकाश बोट फिरवलं. किती देखणी होती ती! तीन दिवस भीतीपायी त्याला दुसरं काही सुचलंच नव्हतं. केसर गेली, हे त्याला आता कुठे कळलं, आणि कागद छातीशी धरून तो सुनेसमोर हमसून हमसून रडला.