मंगळूच्या दंडाच्या पावत्या

मंगळू मेला तेव्हा त्याच्या सरणावर काय काय ठेवायचं, हे तानुबाईच्या डोक्यात पक्कं होतं. त्याचा कोयता, तंबाखूची पिशवी, नवं धोतर, चार मुठी नागली. पाड्याची रीतच तशी. माणसाचं ज्या वस्तूवाचून अडत होतं, ती त्याच्याबरोबर द्यायची. सगळं ठेवून झालं, आता अग्नी द्यायचा, एवढ्यात तानुबाई "थांबा" म्हणाली आणि घराकडे पळाली. परत आली ती आढ्याला खोचलेलं बांबूचं नळकांडं घेऊन. त्यात मंगळूच्या दंडाच्या पावत्या होत्या.

"ह्या कशाला गं वयनी?" मंगळूचा चुलतभाऊ भिमाजी म्हणाला.

"राहू द्या. तिकडं कोनी गार्ड भेटला नि परत दंड मागला, तं काय दाखवतील ते?"

कोणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच. पेठच्या पलीकडे, घाटाखालच्या उतारावर चार एकरांचा एक तुकडा मंगळूच्या बापानं फोडला होता. तिथं नागली व्हायची, वरई व्हायची, कडेनं खुरासणी. सरकारच्या कागदावर मात्र ती जागा जंगल होती आणि मंगळू अतिक्रमण करणारा, म्हणजे चोर. दरवर्षी पीक हातभर झालं की जंगल खात्याचा गार्ड यायचा, दंडाची पावती फाडायचा आणि जाताना एखादी कोंबडी न्यायचा. कोंबडीची पावती मिळत नसे. असं सव्वीस वर्षं चाललं. मंगळूला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण सरकारी कागद टाकू नये एवढं कळत होतं. पावतीची घडी नळकांड्यात, नळकांड्याला लाकडाचं बूच आणि ते चुलीच्या वर, धुरात, म्हणजे वाळवी लागत नाही.

सन २००३च्या थंडीत ते नळकांडं मंगळूबरोबर जळालं. तानुबाईला फार बरं वाटलं. नवऱ्याची शेवटची सोय आपण नीट केली, हे ती पुढे कितीतरी दिवस बायकांना सांगत होती.

मग सरकारला उपरती झाली. दिल्लीत कायदा झाला. तो डोंगर उतरून पाड्यावर पोचेपर्यंत २००८ उजाडलं. शाळेच्या ओट्यावर सभा भरली. वनहक्क समितीचा सचिव होता चंदर, पाड्यातला पहिला दहावी पास; मंगळू गेला तेव्हा तो शिकायला बाहेर होता. त्यानं कागद वाचून समजावून सांगितलं, की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो जंगलाची जमीन कसतो, त्याला ती मिळणार. दोन पुरावे द्यायचे. एक, जाणत्या म्हाताऱ्याचा जबाब. दुसरा, कागद.

"कंचा कागद?" तानुबाईनं विचारलं.

"गार्ड दंडाची पावती द्यायचा ना काकी, ती. ती असली तं कामच झालं. तुमचं तं सगळ्यांच्या आधी व्हईल. मंगळूकाकानं नळकांडं भरून ठिवल्यात."

आता ह्याला काय म्हणावं! ज्या कागदानं माणसाला जन्मभर चोर ठरवलं, तोच कागद आता त्याला मालक ठरवणार होता. तीस वर्षं ह्यांना हाकलायचं धोरण, मग एका सकाळी धोरण बदललं. बदलणाऱ्यांनी आधी कळवलं असतं, तर निदान सरणावर काय ठेवू नये ते तरी माणसांना समजलं असतं. लोक उठून घरी पळाले, कणग्या आणि पेट्या उपसू लागले. तानुबाई ओट्यावरून हलली नाही.

तिचा मुलगा लखन तिला बोलला नाही. बोलला असता तर तिला सोसलं असतं. दर हिवाळ्यात तो आणि त्याची बायको सविता दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागेत मजुरीला जात, ताडपत्रीच्या पालात राहत. मागच्या साली सविता पोटुशी असताना तिथं औषध फवारलेल्या वेलींखाली वाकून राबली आणि मूल मेलेलं जन्मलं. जमीन नावावर झाली, तर विहिरीची योजना मिळेल, रब्बी होईल, मग बागेत जायला नको. लखनचं सगळं त्या नळकांड्यात होतं आणि त्याची राख नदीला मिळून पाच वर्षं झाली होती.

तो जंगल खात्याच्या कचेरीत गेला. पावतीची दुसरी प्रत पुस्तकात राहते, एवढं त्याला ठाऊक होतं. तिथल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "इतकी जुनी पुस्तकं ठेवत नाहीत. नियमानुसार नष्ट केली."

"नष्ट म्हंजी?"

"जाळली."

लखननं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा तानुबाईनं चुलीकडे पाहिलं.

"त्याह्यनी बी जाळल्या?"

"हा."

"मंग त्याह्यला कोनी इचारत नाय?"

भिमाजीनं तिच्यासाठी जबाब दिला, अंगठा उठवला. वर्षभरानं कागद आला. पुराव्याअभावी दावा अमान्य. भिमाजीकडे दोनच पावत्या होत्या, त्याची जमीन त्याच्या नावावर झाली. दोघांच्या मध्ये फक्त एक बांध होता. भिमाजी लाजेनं तिकडून जायचा बंद झाला.

२०१०च्या उन्हाळ्यात तानुबाईच्या त्या चार एकरांत झाडं लावायचं जंगल खात्यानं ठरवलं. खड्डे खणायचं काम रोजगार हमीवर निघालं. लखन आठ महिने काम मागत होता, ते त्याला आता मिळालं. आपल्याच शेतात, बापानं दगड वेचून काढलेल्या मातीत, त्यानं टिकाव घातला. घरात दाणा नव्हता, नाही म्हणून जाणार कुठे? एक योजना जमीन घेत होती, दुसरी ती खणायची मजुरी देत होती, आणि दोन्ही गरिबांच्या भल्यासाठीच होत्या.

तानुबाई येऊन पहिल्याच खड्ड्यात बसली. नवा गार्ड तरुण होता, बोलायला सभ्य होता.

"आजी, उठा. कामाला अडथळा केला तर दंड करावा लागेल."

तानुबाईचा चेहरा एकदम उजळला. तिनं पदराची गाठ सोडली.

"कर ना बाबा. फाड पावती. मंगळूचं नाव टाक."

"मयताच्या नावावर होत नाही, आजी."

"मंग माझं टाक. पर ही जागा कंची, ते नीट लिव."

त्यानं लिहिलं. आपण कुणावर तरी उपकार करतोय असं त्या पोराला वाटलं असावं, कारण म्हातारीनं त्याला हात जोडले. लखननं पावती घेतली. नाव बरोबर होतं, गट नंबर बरोबर होता. तारीख होती १८ मे २०१०. कायद्यातली तारीख त्याला पाठ होती.

"हाय ना समदं बरूबर?" तिनं विचारलं.

"हाय, आये," लखन म्हणाला. त्याला रडू आलं, म्हणून तो पुढचा खड्डा आखायला गेला.

तानुबाईनं घरी जाऊन नवा बांबू कापला, बूच तासलं, पावतीची घडी आत सरकवली आणि नळकांडं चुलीवर आढ्याला खोचलं. मग तिनं सविताला हाक मारून ते दाखवलं.

"मी मेले, तं हे माझ्यासंगं ठिवू नका. तिकडं कोनी मागितलं, तं माझं मी बघन."