मधला माणूस

पणदऱ्याहून आलेलं आबासाहेबांचं पत्र महिनाभर माझ्या चष्म्याच्या घरात घडी करून पडलं होतं. ते माझ्या भाचीचे, योगिनीचे, सासरे. त्र्याण्णवच्या नागपंचमीला तिला माहेरपणाला आणायला मीच गेलो होतो. तिला भाऊ नाही, आईवडीलही गेलेले. 'सण होऊन गेला, सूनबाईंना पाठवून द्यावे,' असं त्यांनी आदबीनं लिहिलं होतं. उत्तरात पाठवतो किंवा पाठवत नाही, असंच लिहावं लागणार होतं. इंदापूरच्या वाचनालयात जन्मभर पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेल्या मला यातलं एकही वाक्य जमेना.

येताना एसटीत योगिनी सांगत होती, "ह्ये मारत न्हाईत, मामा. दारूबी न्हाय. पर तीन वर्सं माझ्याशी बोलत न्हाईत. मी समोर आसले तरी म्हशीला सांगत्यात, तिला म्हनावं चहा गार हाय. आदी मी हसायची. मग सासूबी तसंच बोलाय लागली."

"कशावरून झालं?"

"त्येच कळंना. काय चुकलं त्ये आठवत बसायची."

अबोला घरोघरी असतो, असं मी मनात म्हणालो. परत जायचं नाही, असं ती बोलली नाही. पण श्रावणात आलेल्या पोरीच्या पिशवीत स्वेटर होता.

गौरी चार दिवसांवर आल्या तेव्हा तिचा नवरा, विजयसिंह, स्वतः आला. वाकून नमस्कार केला, खुर्चीत बसला, उसाचं, पावसाचं गोड बोलला. योगिनी दोन हातांवर दारात उभी होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मामा, तिला विचारा, पानी मिळंल का."

आणि मी मान वळवली. "योगिनी, पाणी मागतायत."

"आता तुमी म्हस झाला व्हय, मामा?" ती हळूच म्हणाली.

माझे कान तापले. पाहुण्याला पाण्यासाठी मी कधी अडवलं नव्हतं. "विजयराव," मी म्हणालो, "ती हितंच उभी हाय. तुमीच मागा."

तो हसला, मग हसायचा थांबला. योगिनीनं तांब्या भरून आणला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. एक शब्द पुरला असता. तो त्यानं काढलाच तर ती जाईल की काय, याची मला भीती वाटत होती.

त्यानं उठून चपला घातल्या. "तिला म्हनावं, गौरीला आली न्हाय तर पुन्हा यायचं काम न्हाय."

"मी नाही सांगणार," मी म्हणालो.

तो गेल्यावर उंबऱ्यावर बसून ती ते पाणी वरून गटागटा प्यायली. "मला वाटायचं, माजा आवाजच भाईर येत न्हाय," ती म्हणाली आणि पदरानं हनुवटी पुसली.

आधीचे सगळे आदबशीर मसुदे मी चुलीत घातले आणि कार्ड लिहिलं. 'योगिनी इथेच राहील. तिच्याशी बोलायचे असल्यास तिच्या नावाने पत्र घालावे. आपला नम्र.'

"नम्र कशाला?" तिनं वाचून विचारलं.

"सवय."

"ऱ्हाऊ द्या मग."

स्टँडाजवळच्या पेटीत कार्ड टाकलं. अडकलं तर नाही ना म्हणून दोन बोटं आत घालून पाहिली. हाताला काही लागलं नाही.