पाचव्या थांब्यावरचं शून्य

माधवराव गुरुजींचा एक नियम होता. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. एकोणीस वर्षं मी तो पाळला. तोंड बंद ठेवणं माझ्या स्वभावात नाही, हे माझ्या सासूबाई कुणालाही सांगतील. पण रविवारी सकाळी मी गुरुजींची लिहिणारी असायचे आणि मग मला वाचा नसायची. पुढे त्याच नियमाच्या आड लपून मी एका माणसाला खोटं पाडलं. ते सांगायचं आहे.

गंगाखेडच्या बाहेर गोदावरीच्या काठानं एक पायवाट जाते. तिच्यावर आमचे बारा थांबे. उजाडताना पहिल्या थांब्यावर उभं राहायचं, गुरुजींनी डोळे मिटायचे, मी घड्याळ लावायचं. तीन मिनिटं. जे पाखरू बोलेल त्याचं नाव गुरुजी हळू आवाजात सांगणार आणि मी ते वहीत मांडणार. डोळ्यांवर गुरुजींचा विश्वास नव्हता. झाड वाढलं की पाखरू दिसत नाही, धुकं पडलं की दिसत नाही, आणि आपण म्हणतो पाखरू गेलं. कान मात्र तोच राहतो. "एकच कान, एकच वाट, एकच वेळ," ते म्हणायचे. "आज दोन कान आणि उद्या चार, असं झालं तर वहीला काही अर्थ राहत नाही. तुला काही ऐकू आलं तर ते तुझ्यापाशी ठेव."

वहीत खाडाखोड करायची नाही. प्रत्येक पानाखाली दोघांची सही. कोरोनात पोलिसांनी वाट अडवली तेवढे दोन महिने सोडले, तर एक रविवार रिकामा नाही. गुरुजींनी शाळेत मराठी शिकवलं, पक्ष्यांचं शास्त्र कुणाकडून शिकले नाहीत. मी त्यांची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत विज्ञान शिकवते. लोक आम्हाला हसायचे. सुमंगलाकाकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, सगळ्यांत जास्त हसायच्या. "ह्यांना नदीवरची पाखरं ऐकू येतात," त्या मला चहा देताना म्हणायच्या, "स्वयंपाकघरातला कुकर ऐकू येत नाही. शिट्ट्या मलाच मोजाव्या लागतात." आम्ही तिघंही हसायचो.

पाचवा थांबा माणिकरावांच्या बांधावर, शेवग्याखाली. माणिकराव शेतातच राहायचे, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात. दोन एकर ऊस आणि नदीकडच्या बाजूला वांगी. त्यांच्या विहिरीवरची मोटार सकाळी चालू असायची, आणि तिच्या घरघरीत पाखरू कसलं ऐकू येतंय. पहिल्याच रविवारी गुरुजींनी त्यांना विचारलं, तीन मिनिटं मोटार बंद ठेवता येईल का. माणिकरावांनी कशाला म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून दर रविवारी, आम्ही बांधावर दिसलो की ते जाऊन बटण दाबायचे, आणि तीन मिनिटं झाली की जर्मनची किटली घेऊन यायचे. लाईट जेमतेम आठ तास, त्यातली तीन मिनिटं कुणी उगाच सोडत नाही. चहा पिताना ते आणि गुरुजी पाखरांवर वाद घालायचे. गुरुजी पुस्तकातली नावं सांगायचे, माणिकराव म्हणायचे, "ते काळं बारकं, शेवग्यावरचं." ते काळं बारकं म्हणजे शिंजीर. फुलातला मध पिणारं, अंगठ्याएवढं पाखरू, पण बोलायला लागलं की दम घेत नाही.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी ते शिंजीर आमच्या डोक्यावर बोलत होतं आणि गुरुजींनी त्याचं नाव घेतलं नाही.

मला वाटलं, लक्ष नसेल. पुढच्या रविवारीही घेतलं नाही. मग फुलटोच्या वहीतून गेला, मग धोबी, मग वटवट्या. होला, टिटवी, भारद्वाज, तित्तर जागच्या जागी होते. तीन महिन्यांत मला कळून चुकलं. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर कानाचं चित्र काढते. वय झालं की बारीक आवाज आधी जातात, जाडे उशिरा, हे दरवर्षी परीक्षेत विचारते. जी पाखरं गेली होती त्या सगळ्यांचा आवाज बारीक होता. एखाद्या मुलीनं हे पेपरात लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते.

मी सांगितलं नाही. दर शनिवारी ठरवायचे, उद्या सांगू. रविवारी गुरुजी पांढरं धोतर सावरत, वही छातीशी धरून फाटकात उभे असायचे आणि मी त्यांच्या मागं चालू लागायचे. नियम होताच हाताशी. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. भित्र्या माणसाला एवढा सोयीचा नियम दुसरा मिळायचा नाही.

गुरुजी मात्र वही वाचत होते. दोन वर्षांची शून्यं बघून त्यांना अन्न गोड लागेना. कुठं काय बदललं, हे शोधत बसले, आणि पाचव्या थांब्यापाशी येऊन थांबले, कारण पहिलं शून्य तिथलं होतं. माणिकराव वांग्यांवर औषध फवारतात, हे काही गुपित नव्हतं, सगळेच फवारतात. गुरुजींनी एका स्थानिक दैनिकात लेख दिला. काठच्या एका वांग्याच्या मळ्यातल्या विषानं पाखरं संपवली, असा. नाव लिहिलं नव्हतं. काठावर वांगी एकाचीच होती.

लेख आल्यावरच्या रविवारी माणिकराव मोटार बंदच ठेवून किटली घेऊन आले, पण चहा ओतला नाही. बंडीच्या खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली.

"गुरुजी, हे आमच्यावरच लिवलंय का?"

"नाव कुठं लिहिलंय?"

"नावाची काय जरूर हाय. हाटेलात लोक पाखरंमाऱ्या म्हणून हाका मारायलेत."

"फवारता की नाही तुम्ही?"

"फवारतो. न्हाई कसं म्हनू. पर पाखरं हायेत की, गुरुजी. ते काळं बारकं आता ह्या घडीला बोलायलंय. तुमी ऐका तर खरं."

ते खरंच बोलत होतं. माझ्यापासून दोन हातांवर, फुलांच्या घोसात. गुरुजींनी डोळे मिटले आणि ऐकलं. अगदी मनापासून ऐकलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती ती मला अजून दिसते. मग डोळे उघडले तेव्हा त्यांच्या तोंडावर दुःख होतं, एक जवळचा माणूस आपल्याशी धडधडीत खोटं बोलतोय याचं.

"उत्तरा, वही काढ," ते म्हणाले. "पाचवा थांबा. शिंजीर. वाच मोठ्यानं."

मी पान उघडलं. कस्तुराबाई, माणिकरावांची बायको, वांगी तोडता तोडता पाटी घेऊन उभी राहिली होती.

"शून्य," मी वाचलं.

"त्याच्या आधीचा रविवार?"

"शून्य."

"वाचत राहा."

मी वाचत राहिले. शून्य, शून्य, शून्य. डोक्यावर शिंजीर जीव तोडून बोलत होतं आणि मी त्याच्या खाली उभी राहून, विज्ञानाची शिक्षिका, ते नाही असं वाचून दाखवत होते. तेव्हा तोंड उघडलंच होतं, नियम मोडलाच होता. एक वाक्य जास्तीचं बोलायचं होतं फक्त.

माणिकराव माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी बराच वेळ गुरुजींच्या तोंडाकडं बघितलं. वर्तमानपत्राची घडी पुन्हा खिशात घातली.

"असंल गुरुजी," ते म्हणाले. "वहीत हाय म्हंजी असंल."

आणि भरलेली किटली उचलून परत गेले.

पुढची दोन वर्षं आम्ही पाचव्या थांब्यावर आखाड्याकडं पाठ करून उभे राहिलो. थांबा बदलला तर नोंद बिघडते, म्हणून बदलला नाही. गुरुजी माणिकरावांशी बोलले नाहीत, माणिकराव बांधावर आले नाहीत. फक्त दर रविवारी, आम्ही शेवग्याखाली पोचलो की मोटार बंद व्हायची. तीन मिनिटांनी चालू व्हायची. एकदाही चुकली नाही.

यंदा फेब्रुवारीत एका रविवारी ती बंद झाली नाही.

गुरुजींनी डोळे उघडले. मोटारीचा आवाज जाडा, तो त्यांना चांगला ऐकू यायचा. "आता आला वाटतं राग," ते म्हणाले, "दोन वर्षांनी." त्या रविवारी पाचव्या थांब्याची नोंद झाली नाही. पुढच्या रविवारीही मोटार चालूच. तिसऱ्या रविवारी माणिकरावांचा मुलगा राम बांधावर आला. त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

"बाबा गेले, गुरुजी. छातीत दुखायलंय म्हनले, परभणीला नेस्तोवर संपलं. तुमाला कळवावं का न्हाई, समजंना."

गुरुजी मला म्हणाले, "चल." दोन वर्षांत प्रथमच आम्ही आखाड्यापर्यंतची ती वीस पावलं चाललो.

कस्तुराबाई आखाड्याच्या दारात पोत्यावर बसली होती. गुरुजी समोरच्या बाजेवर बसले. दारालाही एक शेवगा आहे, त्याची फांदी बाजेवर वाकलेली. ते पाखरू तिच्यावर येऊन बसलं. गुरुजींच्या तोंडापासून हातभरावर. निळं-काळं, उन्हात चमकणारं. चोच उघडली, आणि त्याचा एवढासा गळा थरथरायला लागला.

गुरुजी त्या गळ्याकडं बघत राहिले. एकोणीस वर्षं डोळे मिटून ऐकणारा माणूस डोळे उघडून बघत होता. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"उत्तरा," ते म्हणाले, "हे बोलतंय?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो, गुरुजी."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून," मी म्हणाले. "कधी थांबलंच नव्हतं."

ते आणखी काही विचारतील म्हणून मी वाट पाहिली. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी हात पुढं केला, वही मागितली, आणि ती घेऊन एकटेच वाटेला लागले.

आठ दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. सुमंगलाकाकू हसल्या नाहीत. गुरुजींनी एकही शून्य खोडलं नव्हतं. चार वर्षांच्या प्रत्येक शून्यापुढं, बारीक अक्षरात, लिहिलं होतं: मला ऐकू आलं नाही. पानंच्या पानं. भांडणाच्या त्या रविवारचं पान त्यांनी माझ्यासमोर उघडलं. तिथंही तेच वाक्य, आणि त्याच्या खाली एक ओळ कोरी.

"खाली तुझी सही आहे," ते म्हणाले आणि पेन दिलं.

मी लिहिलं: लिहिणारीला ऐकू येत होतं.

त्यांनी वाचलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "रविवारी हे तिथं वाचायचं. मोठ्यानं. तेव्हा वाचलं होतंस तसं."

वाचलं. त्याच बांधावर, त्याच शेवग्याखाली, कस्तुराबाईसमोर. तारीख वाचली, शून्य वाचलं, गुरुजींचं वाक्य वाचलं, माझं वाचलं. माझं वाक्य मी दोन वर्षांपूर्वीच इथं बोलायला हवं होतं. मागं मोटार घरघरत होती.

कस्तुराबाईनं ऐकून घेतलं. मग खाली बघत, हळू, माझ्याशीच बोलल्यासारखं बोलली.

"मला कशाला वाचून दावता, ताई. त्यांनला त्याच दिशी कळालं. घरात येऊन म्हनले, गुरुजीचं कान गेलं गं. ती लिवनारी ताई पाखरू बोललं की मान वर करती, तिला ऐकू येतंय. पर ती बी सांगंना, मंग मी कसं सांगू." पदरानं तोंड पुसलं. "मी म्हनलं, लोक तुमाला नावं ठेवायलेत, एकदा जाऊन बोला की. तर म्हनले, ठेवू दे. माझं काय, माझी वांगी हायेत, लेकरं हायेत. गुरुजीकडं त्या वहीबिगर काय हाय."

मी वही मिटली. गुरुजी कानामागं हात धरून पुढं वाकले होते.

"काय म्हणाल्या?" त्यांनी मला विचारलं. "मला नीट कळलं नाही."

एक क्षण माझ्या मनात आलं की काहीतरी दुसरं सांगावं. सवय होती ना. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळं सांगितलं, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. कान गेलं गं, हे सांगितलं. मान वर करती, हे सांगितलं. मी शेवटचं वाक्य सांगत असताना त्यांनी हात वर केला, पण मी थांबले नाही.

त्यांनी शेवग्याच्या खोडाला हात टेकवला.

कस्तुराबाई उठली. "रविवार हाय," ती म्हणाली, आणि विहिरीकडं गेली.

मोटार बंद झाली. ते गुरुजींना ऐकू आलं. त्यांनी सवयीनं डोळे मिटले, आणि मी सवयीनं घड्याळ लावलं. डोक्यावर शिंजीर बोलत होतं, पलीकडं दुसरं त्याला उत्तर देत होतं. तीन मिनिटं झाली. चौथं मिनिट झालं, पाचवं झालं. कस्तुराबाई बटणापाशी हात धरून उभी होती. वेळ झाली, हे मी गुरुजींना दोनदा सांगितलं, पण कानामागं हात धरून ते ऐकतच राहिले, डोळे उघडेनात.