लिफ्ट हलली की माझी वाचा जाते

मित्रांनो, मी एक जुनी निळी केबल आहे. हल्ली फायलींचे गठ्ठे बांधायच्या कामी येते. पण एके काळी चौथ्या मजल्यावरच्या कार्यालयातल्या एका संगणकाचं नेटवर्क माझ्यातून धावायचं.

माझ्या पोटात आठ तारा. कारखान्यात त्यांना जोडीजोडीने पीळ दिला, का तर बाहेरचा गोंगाट आत शिरू नये. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. माझा तर सुंभही शाबूत होता. पण भिंतीवर तार दिसली की साहेबांचं डोकं उठायचं, म्हणून वायरमनने मला छतामागे नेऊन लिफ्टच्या मोटारीच्या जाड केबलला आवळून बांधलं. तेव्हापासून लिफ्ट हलली की ही जाड शेजारीण गरजायची आणि माझी वाचा जायची.

माझ्या टोकाला नोंदणीताई बसायच्या. घरात कमावत्या त्या एकट्याच. पडद्यावर लोकांचा एखादा अर्ज अर्धा भरून झाला की कोणीतरी लिफ्टचं बटण दाबायचं. अर्ज गायब.

"आपोआप जातं हो, साहेब."

"आपोआप? बाकी कोणाचं नाही जात ते! तुमच्यावरच जीव जडलाय का त्याचा?"

वायरमन तपासायला आला. जेवणाच्या सुट्टीत, कारण तेव्हा खुर्च्या रिकाम्या. तेव्हाच लिफ्टमनही लिफ्ट बंद करून डबा खायचा. मी खणखणीत बोलले. वायरमन सहा वेळा आला, सहाही वेळा जेवणाच्या सुट्टीत. सहाही वेळा त्याने लिहिलं, ‘केबल ठणठणीत. दोष हाताळणीत.’ आयुष्यात पहिल्यांदाच माझं कौतुक झालं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सातव्या तक्रारीला ताईंच्या हातात पत्र पडलं : उद्यापासून येऊ नये. त्यांनी डबा आणि चष्मा पिशवीत टाकला. साहेब लगेच त्यांच्या खुर्चीत बसून अर्ज भरू लागले.

"बघा! माणूस बदलला की कसं सुरळीत चालतं!"

सगळे हसले. बाहेर ताईंनी लिफ्टचं बटण दाबलं.

अर्ज गायब.

"पाहिलंत?" साहेब ओरडले, "जाता जाता वाट लावून गेली!"

मग मला कापून नवी केबल टाकली. वायरमनने तीही शेजारणीलाच बांधली. जागा तयारच होती.

तर मित्रांनो, केबलला जपा. तिला तुडवू नका, ताणू नका, आणि तपासायची झाली तर लिफ्टमन जेवून आल्यावर तपासा. ताईंच्या खुर्चीत आता एक नवी मुलगी बसते. आज तिने पहिली तक्रार केली आहे. वायरमन येतो म्हणालाय.

जेवणाच्या सुट्टीत.